डाळ शिजेल त्याच पाण्याची कॉफी

लातूरला माझं घरगुती विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे. गिझर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, जे येईल ते. अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिझरच्या ज्या कॉइल बदलल्या त्यांत नुसत्या जळालेल्या थोड्या, क्षारानं खाल्लेल्या जास्त. म्हणून मुलीनं मागच्याच्या मागच्या दिवाळीला पुण्याहून पॉडवर, म्हणजे एका कपाची कॉफी भरलेल्या बंद डबीवर, चालणारं कॉफीचं मशीन पाठवलं तेव्हा मी आधी मागची टाकी बघितली. यात कुठलं पाणी जाणार, हाच माझा पहिला प्रश्न होता.

मुलीनं फोनवर बजावलं होतं, "पप्पा, हे मशीन उघडायचं नाही हं." मी म्हणालो, "बरं बाई." पण घरात पाणी भरायचं काम ज्याच्या हाती येईल तो करतो. चार-पाच महिने त्या टाकीत कधी जारचं, कधी नळाचं, पण बहुतेक वेळा बोअरचंच पाणी पडत गेलं. मग एक दिवस धार बारीक झाली. आधी दोऱ्यासारखी सलग पडायची, आता थेंब थेंब. पंपाचा आवाजही बदलला. आधी भरलेला घुर्र आवाज यायचा, आता कोरडा, पत्रा वाजल्यासारखा. मग मात्र उघडलं. पाणी तापवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याच्या आतून एक अरुंद वाट गेलेली असते. तिच्या तोंडात टॉर्च मारली. आगकाडी आरपार जावी एवढं ते भोक, त्यातून आता जेमतेम सुई गेली असती. कडेनं नखानं खरवडलं तर चुन्यासारखा पांढरा पापुद्रा निघाला. पापुद्रा ताटलीत ठेवून वरून लिंबू पिळलं. फसफसलं. म्हणजे क्षारच.

तुम्ही मशीन उघडू नका. माझा तो धंदा आहे. वॉरंटी असेल तर उघडल्याबरोबर ती जाते आणि आतल्या जोडण्या परत नीट बसल्या नाहीत तर गरम पाणी थेट विजेच्या भागावर पडतं. उघडायची वेळच येऊ नये म्हणून काय करायचं ते सांगतो.

पाणी

घरचं पाणी कसं आहे हे कळायला मीटरच पाहिजे असं नाही. तुरीची डाळ लावून बघा. लातूर म्हणजे तुरीचं आणि डाळमिलचं गाव, इथल्या कुठल्याही बाईला विचारा. कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही ज्या पाण्यात डाळ कणीकणी राहते, वरण एकजीव होत नाही, ते पाणी जड. त्याच पाण्यात कपड्याच्या साबणाला फेस येत नाही आणि बाथरूमच्या नळावर पांढरे डाग बसतात. ते पाणी कॉफीच्या मशीनमध्ये घालायचं नाही.

जड का, तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून मुरत मुरत पाणी बोअरला येतं ते क्षार सोबत घेऊनच. गार असेपर्यंत क्षार दिसत नाहीत. पाणी तापलं की ते पाण्यात टिकत नाहीत, जिथं जास्त तापलंय तिथंच खडूसारखे चिकटून बसतात. गिझरची टाकी पंधरा-पंचवीस लिटरची, तिथं थर बसायलाही जागा असते. या मशीनमध्ये पाण्याची वाटच एवढीशी, म्हणून गिझरला तीन वर्षांत होतं ते इथं काही महिन्यांत होतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणं लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला धरतात, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ते माणसासाठी आहे. ६०० चं पाणी मशीनला चालत नाही.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, घेऊन ठेवायला हरकत नाही. माझ्या बोअरचा आकडा अकराशेच्या पुढं जातो, नळाला येणारं मांजरा धरणाचं पाणी तीनशेच्या आसपास, विकतच्या जारचं सत्तर. पण मीटर सगळेच क्षार एकत्र मोजतो, एकटा जडपणा नाही. घरात सॉफ्टनर बसवलेला असेल तर पाणी मऊ होतं, डाळही शिजते, पण मीटरचा आकडा तसाच राहतो, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. अशा वेळी मीटरपेक्षा डाळीवर विश्वास ठेवा.

मग नुसतं जारचं घालावं का? मशीनच्या तब्येतीला चालेल, पण कॉफी पुळचट लागते. कॉफीला चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. स्पेशॅलिटी कॉफी असोसिएशन ही कॉफीवाल्यांची संस्था सगळे क्षार मिळून लिटरमागं १५० मिलिग्रॅम हा आकडा योग्य मानते, ७५ ते २५० पर्यंत चालतं म्हणते. मी दोन तांबे जारचं आणि एक तांब्या नळाचं पाणी एकत्र करतो. मीटरवर आकडा दीडशेच्या आत येतो. नळाचं पाणी आधी उकळून, गार करून, वरचं निवळ तेवढं घेतो. उकळताना बराचसा क्षार पातेल्यातच बसतो. ओट्यावर एक वेगळी काचेची बाटली ठेवली आहे, टाकीत फक्त त्या बाटलीतलं पाणी जातं. ही बाटली आल्यापासून घरातलं कुणीही चुकलेलं नाही. एवढी एक गोष्ट केलीत तरी पुढचं निम्मं काम वाचतं.

जागा आणि वीज

मशीन १,२०० ते १,५०० वॅटचं असतं. म्हणजे पाच ते साडेसहा अँपिअर करंट ओढतं. दहा रुपयांच्या थ्री-पिनवर किंवा मिक्सर, चार्जर, फ्रीज लावलेल्या एक्स्टेंशनवर ते लावू नका. माझ्याकडं वितळलेले प्लग येतात ते असेच. गिझरला असतो तसा पॉवर प्लग असेल तिथं लावा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत, इथं अर्थिंगला पर्याय नाही. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात म्हणून हेही चालेल असं धरू नका, घरातला साधा इन्व्हर्टर एवढा भार घेत नाही. कॉफी काढताना लाईट गेली तर बटण बंद करून पिन काढून ठेवा. लाईट येताना व्होल्टेज वरखाली होतं, तो झटका मशीनला बसायला नको.

गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. फोडणीचा तेलकट धूर मशीनच्या फटींत बसतो, त्यावर धूळ बसते आणि मग झुरळं. झुरळांना उबदार कोपरा लागतो आणि मशीनच्या पोटात तो आयता मिळतो. मिक्सर आणि मायक्रोवेव्हच्या सर्किटमध्ये झुरळं मरून शॉर्ट झालेलं मी कितीदा तरी बघितलं आहे. रात्री मशीनवर कापड टाकताना ते पूर्ण गार झालं का बघा, आणि साखर, दूध, बिस्किटाचा चुरा आजूबाजूला राहू देऊ नका.

पहिला दिवस आणि रोजचा कप

खोक्यातून काढल्यावर टाकी धुऊन घ्या, पाणी भरा आणि पॉड न घालता तीन मोठे कप नुसतं पाणी काढून टाका. नव्या प्लास्टिकचा वास जातो आणि पंपातली हवा निघते.

रोज करायचं ते असं. टाकीत ताजं पाणी. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो, पाणी तापलं की स्थिर होतो, त्याला अर्धा मिनिट लागतं. मग पॉड न घालता थोडं गरम पाणी कपातच सोडा. कप तापतो, नळीतलं कालचं शिळं पाणी निघून जातं. ते पाणी ओतून दिलं की पॉड घाला, दांडा पूर्ण खाली करा आणि लगेच बटण दाबा. दांडा खाली केला तेव्हाच पात्यांनी पॉडला भोकं पाडलेली असतात, मग उगाच वाट बघत ठेवू नका. पंप दाबानं पाणी आत सोडतो, दुसऱ्या बाजूचा पातळ पत्रा टोकदार जाळीवर दाबून फुटतो आणि कॉफी बाहेर येते. खोक्यावर १५ किंवा १९ बार लिहिलेलं असतं, तो पंपाचा जास्तीत जास्त दाब.

इथं आपल्याकडची एक सवय आड येते. आपल्याला कप भरलेला लागतो. पाहुण्याला अर्धा कप द्यायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. म्हणून लोक एकाच पॉडमधून मोठा ग्लासभर काढतात. पॉडमध्ये कॉफी असते पाच-सहा ग्रॅम. त्यातून एस्प्रेसोचे, म्हणजे छोट्या कडक कॉफीचे, ४० मिलिलिटर काढायचे असतात, लुंगो (लांबवलेली कॉफी) लिहिलेला पॉड असेल तर ११०. त्यापुढं जे येतं ते कडू पाणी. कप मोठा हवा असेल तर ४० मिलिलिटर काढून थांबा आणि वरून वेगळं गरम पाणी किंवा दूध घाला. बऱ्याच मशीनमध्ये बटण दाबून धरलं आणि हवं तेवढं आल्यावर सोडलं की तेवढंच माप लक्षात राहतं. मापाच्या भांड्यात ४० मोजून ते एकदा नीट बसवून घ्या.

आमच्या घरी हिला काळी कॉफी चालत नाही. दूध म्हशीचं, दाट. ते पातेल्यात तापवून, उतू जायच्या खूप आधी, बोट क्षणभरच ठेवता येईल एवढं झालं की उतरवायचं आणि बॅटरीच्या छोट्या रवीनं फेटायचं. साय आधी काढून घ्यावी, नाहीतर फेस बसत नाही. कपात कॉफीवर हे दूध ओतलं की ही म्हणते, आता कॉफीसारखी कॉफी झाली. दूध टाकीत कधीच घालायचं नाही, साखरही नाही. दूध आतल्या वाटेत करपून बसलं तर ते काही केल्या निघत नाही.

कप झाला की पॉड लगेच खाली पाडा. पुन्हा पॉडशिवाय दोन घोट पाणी सोडा, म्हणजे तोंडाशी राहिलेलं कॉफीचं तेल धुऊन जातं. चार-पाच पाहुण्यांची कॉफी ओळीनं काढायची असेल तर मध्ये मिनिटभर थांबत जा. असले पंप सलग चालवण्यासाठी केलेले नसतात.

पॉड विकत घेताना आपल्या मशीनचा प्रकार बघा. सगळे पॉड सगळ्या मशीनला बसत नाहीत. नेस्प्रेसोच्या ओरिजिनल प्रकारच्या मशीनचे पॉड वेगळे, त्यांच्याच व्हर्चुओचे वेगळे, डोल्चे गुस्तोचे वेगळे. व्हर्चुओ तर पॉडच्या कडेवरचा बारकोड वाचून चालतं. ॲल्युमिनियमचे पॉड हवा आत जाऊ देत नाहीत, कॉफी ताजी राहते. काही प्लास्टिकचे पॉड जाड असतात, नीट फुटत नाहीत, आत अडकतात. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पॉड खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. अंधाऱ्या फडताळात स्टीलच्या डब्यात राहू द्या, फ्रीजची गरज नाही.

टाकाऊ पॉडचा डबा आणि खालचा ट्रे रोज रात्री रिकामा करा. पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवशीच बुरशी धरते. आठवड्यातून एकदा टाकी आणि ट्रे साबणानं धुवा. कॉफी पडते ते तोंड मऊ जुन्या टूथब्रशनं, पिन काढून. आत बोट घालू नका, पॉडला भोकं पाडणारी पाती तिथंच असतात.

क्षार काढणं

मऊ पाणी वापरलं तरी दर तीन महिन्यांनी क्षार काढायचाच. जड पाणी पडलं असेल तर महिन्याला. मशीनच्या पुस्तिकेत कंपनीचंच औषध वापरा असं लिहिलं असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तेच आणा. वॉरंटी संपली असेल आणि पुस्तिकेत मनाई नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चालतं, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. व्हिनेगर घालू नका. त्यानं रबराच्या रिंगा खराब होतात आणि वास आठवडाभर जात नाही.

एक लिटर कोमट पाण्यात पंधरा ते वीस ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे पोह्याचा मोठा चमचा शीग लावून एक. जास्त घातलं म्हणजे लवकर निघेल असं होत नाही, उलट आत नवा गाळ धरू शकतो. पूर्ण विरघळू द्या आणि स्वच्छ फडक्यातून गाळून टाकीत भरा. एकही खडा पंपात जायला नको. पॉड काढलेला आहे ना, खात्री करा. खाली लिटरभराचं पातेलं ठेवा. क्षार काढायची सोय बहुतेक मशीनमध्ये दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून सुरू होते, तुमचं कसं होतं ते पुस्तिकेत बघा. अर्धं पाणी बाहेर आलं की बंद करून वीस मिनिटं थांबा, क्षार आत भिजू द्या. मग राहिलेलं काढा. पातेल्यातलं पाणी गाळून परत टाकीत घाला आणि आणखी एकदा. त्यानंतर दोन टाक्या भरून स्वच्छ पाणी काढा. शेवटचं पाणी जिभेला लावून बघा, आंबट लागत असेल तर तिसरी टाकी.

हे सगळं करताना ओट्यावर जाड कापड किंवा परात ठेवा. आपले ओटे कडप्प्याचे आणि फरश्या शहाबादी, दोन्ही दगड चुनखडीचे. जे आम्ल नळीतला क्षार खातं ते हाही दगड खातं. माझ्या ओट्यावर असे तीन थेंब पडलेले आहेत. काळ्या कडप्प्यावर रुपयाएवढे पांढुरके गोल, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. तेल चोळून झाकले जातात, पुसून गेले नाहीत.

आणि ते पाणी मोरीत ओतू नका. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ज्यानं ते दिवस काढले त्याच्या हातून लिटरभरसुद्धा पाणी वाया जात नाही. आंबट पाण्यात फडकं बुडवून बाथरूमच्या स्टीलच्या नळांवर तासभर गुंडाळून ठेवा, पांढरे डाग निघून येतात. शॉवरची जाळी त्यातच बुडवा. धुतलेलं स्वच्छ पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होतं.

बिघडलं तर

मागच्या उन्हाळ्यात एक ताई मशीन घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, आवाज करालंय पण पाणी येईना गेलंय. नवं घ्यावं लागतंय का काय?" मी विचारलं, टाकी पूर्ण कोरडी पडली होती का? म्हणाल्या, "हो, गावाला गेलो होतो की पंधरा दिवस." मग ते क्षाराचं दुखणं नव्हतं, पंपानं हवा ओढली होती. मेडिकलमधून दहा मिलिलिटरची सिरिंज आणायला सांगितली, सुई नको. पिन काढली, टाकी काढली, टाकी बसते त्या भोकात सिरिंजनं सावकाश पाणी सोडलं. लगेच भरलेली टाकी बसवली, पिन लावली, दांडा उघडा ठेवून मोठ्या कपाचं बटण दाबलं. पहिल्यांदा नुसता खडखडाट. दुसऱ्यांदा आवाज जड झाला आणि पाण्याची धार आली. ताईंना तिथंच दोनदा करून दाखवलं, पुन्हा कधी झालं तर घरी करता यावं म्हणून.

धार बारीक आणि कॉफी कोमट, तर क्षार. कॉफी पॉडच्या कडेनं गळत असेल तर रबराची रिंग गेली, किंवा पॉड वाकडा बसला. दांडा खाली जात नसेल तर जोर लावू नका, आधीचा पॉड आत अडकलेला असतो. मशीन गार करून, पिन काढून, लाकडी चमच्याच्या दांड्यानं तो खाली ढकला. मशीन लावल्याबरोबर एमसीबी पडत असेल किंवा हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर पुन्हा लावून बघू नका, सरळ दुरुस्तीला द्या.

घराला कुलूप लावून आठवडाभर बाहेर जायचं असेल तर टाकी ओतून पुसून ठेवा आणि पुस्तिकेत आतलं पाणी रिकामं करायची सोय दिली असेल तर ती वापरा. परत आल्यावर पहिले तीन कप नुसतं पाणी काढून टाकायचे, पहिल्या दिवसासारखे.

वापरलेल्या पॉडचा पत्रा कात्रीनं कापा आणि आतला चोथा वाळवून मातीत मिसळून कुंड्यांना घाला, एका कुंडीला मूठभरच. रिकामे ॲल्युमिनियमचे पॉड धुऊन मी पोत्यात टाकत जातो. एक पॉड साधारण ग्रॅमभर भरतो. आमच्या घरी दिवसाला एक, तोही रोज नाही. परवा तराजूवर ठेवले, चारशे ग्रॅमला थोडे कमी भरले. भंगारवाल्याला सांगून ठेवलं आहे, किलो झाला की बोलावतो.